चापाची नथ

माझ्या वडिलांचा घोळणा उन्हाळ्यात हमखास फुटायचा. चैत्र सरत आला, वाईच्या घाटावर कृष्णेचं पाणी खालच्या पायऱ्यांपर्यंत उतरलं, की एखाद्या दुपारी अण्णा मागच्या दारी ओणवे बसलेले दिसत. आजी माठातलं गार पाणी त्यांच्या टाळूवर थापायची, कांदा फोडून नाकाशी धरायची, परसातल्या दूर्वा खुडून आणायला आम्हा पोरांना पिटाळायची. रक्त थांबायला वेळ लागे, पण थांबे. "याच्या अंगातच उष्णता फार," असं म्हणत आजी हात धुऊन पुन्हा चुलीपाशी जायची. दाढी करताना कापलं तर अण्णा तुरटीचा खडा गालाशी दाबून धरत आणि दुसऱ्या हातानं पेपर वाचत बसत. पेपरची दोन पानं होईपर्यंत रक्त खळलेलं असे. त्यांच्या सबंध आयुष्यात या आजाराच्या खुणा एवढ्याच. ऐंशी उलटेपर्यंत ते जगले. आपल्याला काही आजार आहे हे त्यांना कधी कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही.

आत्या त्यांच्या पाठची. एका आईबापांची ही दोन मुलं, दोघांच्या रक्तात एकच उणीव. अण्णांना ती तुरटीच्या खड्यावर निभावून नेता आली. आत्याच्या आयुष्यातली चांगली पंचवीस वर्षं तिनं खाल्ली.

आत्याच्या लग्नाचा एक फोटो आमच्याकडे आहे. शालूचा पदर डोक्यावरून घेतलेला, मुंडावळ्या, आणि नाकात ठसठशीत नथ. फोटोत कळत नाही, पण ती चापाची आहे. मी ती हातात घेऊन पाहिली आहे. नेहमीच्या नथीला मागे सोन्याची वळवलेली तार असते, ती नाकाच्या छिद्रातून घालायची. या नथीला तारेच्या जागी दोन चपट्या पट्ट्या आहेत, त्यातल्या एकीला बारीक फिरकी. मधे नाकपुडी धरायची आणि फिरकी आवळायची. आतल्या पट्टीची कड इतकी गुळगुळीत झाली आहे, की बोट फिरवलं तर ती कुठे संपते ते कळत नाही. मोती पिवळसर पडलेत, मधला लाल खडा मात्र अजून तसाच.

आत्या आठ-नऊ वर्षांची असताना तिचं नाक टोचायला सोनार घरी आला होता. त्यानं रिवाजाप्रमाणे सोन्याची तार टोचली, खोबरेलात कालवलेली हळद लावली आणि शिधा घेऊन तो गेला. रात्रीतून उशी भिजली. दुसऱ्या दिवशीही नाकपुडीतून ठिपकत राहिलं. परकराच्या सोग्यानं नाक पुसत पोर अंगणात खेळत होती, असं आजी सांगायची. शेवटी आजीनंच तार काढून घेतली, भोक बुजलं, आणि पुन्हा टोचायचं धाडस कुणी केलं नाही. लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी मुद्दाम चापाची नथ करवून घेतली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिचं नाक नाजूक आहे, एवढ्यावर विषय मिटला.

मग पाळी आली. आजीच्या घरात बाजूला बसणं कडक होतं. जिन्याखालच्या खोलीत चटई, वेगळा तांब्या, चार दिवस. शेजारच्या मुली पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायच्या. आत्याचा पाचवा दिवस आठव्या-नवव्या दिवशी उगवायचा. जुन्या लुगड्यांच्या घड्या पुरेनात म्हणून आजी बोहारणीला द्यायची लुगडी मागे ठेवू लागली. गोठ्यामागच्या दोरीवर वाळत घातलेल्या त्या घड्या आत्या अंधार पडल्यावर काढून आणायची. अंगावरून गाठी जात. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. शाळा बुडायची, मग सुटलीच. "या घराण्यातल्या पोरींना जरा जास्तच जातं," असं आजी म्हणायची. आजी स्वतः बाहेरून आलेली होती. तिला स्वतःला हा त्रास नव्हता, म्हणूनच तिला फरक दिसत होता. आजोबांच्या बहिणींचं तिनं पाहिलं होतं, सासऱ्यांच्या बहिणीचं ऐकलं होतं. तिचं निरीक्षण अगदी नेमकं होतं. पुढे एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी कागदावर काढलेलं आमचं कुळ आणि आजीच्या तोंडी असलेलं कुळ यांत फारसा फरक निघाला नाही. आजीला जे ठाऊक नव्हतं ते एवढंच, की याला इलाज असतो.

आत्याचं दुसरं बाळंतपण बिनधोक पार पडलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बारसं झालं, आणि त्यानंतर आठवड्याभरात ती रक्तानं न्हाऊन निघाली. नंतरच्या वर्षांत तर महिन्यातले मोजकेच दिवस तिचे स्वतःचे उरले. लोहाच्या गोळ्या, अशोकारिष्ट, गूळ-शेंगदाणे, खजूर, पुन्हा गोळ्या. पस्तिशीच्या आत डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका म्हणजे कटकट जाईल. शस्त्रक्रियेत रक्त थांबेना. बाहेर बाकावर बसलेल्या अण्णांचा रक्तगट जुळत होता. त्यांनी बाही वर केली आणि बहिणीला रक्त दिलं.

या प्रसंगापाशी मी अजूनही अडखळते. त्या बाटलीतून भावाची माया गेली, तांबड्या पेशी गेल्या, सगळं गेलं. पण बहिणीच्या रक्तात जे कमी होतं, नेमकं तेच त्या बाटलीतही कमीच होतं. पुढे रक्तपेढीतून आणखी बाटल्या आल्या आणि आत्या वाचली. अण्णा शेवटपर्यंत अभिमानानं सांगत, माझं रक्त तिच्या अंगात आहे. ते खरंच होतं. ते दोघांच्या अंगात जन्मापासून होतं.

माझ्यापर्यंत ही गोष्ट अक्कलदाढेनं आणली. दाढ काढली, टाके घातले, कापसाचा बोळा दाबून घरी आले. मध्यरात्री तोंडात लोखंडाची चव होती, आणि पहाटेपर्यंत बेसिन लाल. दंतवैद्य मुलगा तरुण होता. त्यानं पुन्हा टाके घातले, पण त्यावर थांबला नाही. त्यानं विचारलं, "ताई, पाळीत खूप जातं का?" दातांच्या डॉक्टरानं पाळीचं विचारावं याचं मला नवल वाटलं. आज वाटतं, माझ्या जन्मात मला विचारलेला सर्वांत शहाणा प्रश्न तो होता. त्यानं चिठ्ठी दिली आणि मी पुण्याला गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सुई हातात घेण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. घोळणा फुटतो का, किती वेळ? खरचटलं तर? आपटल्याचं आठवत नाही आणि अंगावर काळंनिळं दिसतं, असं होतं का? पॅड किती वेळानं बदलावं लागतं, रात्री उठावं लागतं का, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी जातात का? बाळंतपणानंतर काय झालं? मग त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढायला घेतले. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. आत्याचा गोल त्यांनी शाईनं भरला, माझाही भरला. आईचं रक्त तपासून झालं होतं, त्यात काही उणं नव्हतं. तिचा गोल पांढरा राहिला. मग पेन अण्णांच्या चौकोनावर आलं. "यांना काय होत होतं?" मी म्हटलं, काही नाही. थोडं थांबून तुरटीचं सांगितलं, माठाच्या पाण्याचं सांगितलं. त्यांनी तो चौकोन सावकाश भरला.

माझ्या रक्ताचे नेहमीचे सगळे अहवाल आजवर व्यवस्थितच आले होते. प्लेटलेट्सची संख्या भरपूर, रक्त गोठण्याच्या ठरावीक चाचण्या नीट. या आजाराची हीच अडचण आहे. त्याच्यासाठी वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात, आणि त्या कराव्यात हे कुणाला तरी सुचावं लागतं. माझ्यात ज्या घटकाची पातळी साधारण ५० ते २०० टक्क्यांत असायला हवी, ती २८ निघाली. पुन्हा तपासली, तेव्हाही तिशीच्या आतच. फॉन विलेब्रँड रोग, प्रकार पहिला.

रक्त थांबतं कसं, हे मी त्यानंतर समजून घेतलं. रक्तवाहिनी फाटली की तिच्या अस्तराखालचे तंतू उघडे पडतात. प्लेटलेट्सनी तिथे जाऊन चिकटायचं असतं. पण बारीक धमन्यांत रक्ताचा वेग एवढा, की प्लेटलेट तिथे ठरूच शकत नाही. तिला धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे फॉन विलेब्रँड फॅक्टर. रक्तातल्या सर्वांत लांब रेणूंपैकी तो एक. एरवी गुंडाळलेल्या अवस्थेत फिरत असतो. फाटलेल्या जागी त्याचं एक टोक अडकलं आणि वरून रक्ताचा लोट आला, की त्या लोटाच्याच ओढीनं तो उलगडत जातो. पुरात वाहून चाललेल्या माणसाकडे काठावरच्या झाडाला बांधलेला दोर फेकावा तसा. लोट जितका जोराचा, तितका तो जास्त उलगडतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. शरीरातलं एवढं कौशल्य आपल्याला ठाऊकच नसतं. जी ओढ प्लेटलेट्सना वाहून नेते, तीच ओढ त्यांना धरणारा हात उघडते.

याच प्रथिनाच्या आधारानं आठव्या क्रमांकाचा फॅक्टर रक्तात टिकून राहतो. हिमोफिलियाच्या नेहमीच्या प्रकारात कमी असतो तो हा. म्हणून दोन्ही आजार लांबून सारखे दिसतात. पण हिमोफिलियात रक्त सांध्यांत, स्नायूंत खोलवर साचतं. आमच्या आजारात ते नाकातून, हिरड्यांतून आणि गर्भाशयातून येतं, जिथे अस्तर नाजूक आणि बारीक वाहिन्यांचं जाळं दाट. यातला नाकाचा भाग अण्णांच्या वाट्यालाही आला होता. गर्भाशय आत्याला होतं. एकच जनुक बाराव्या गुणसूत्रावर बसून दोघांकडे गेलं. ते मुलगा-मुलगी पाहून जात नाही. बापाकडूनही येतं, आईकडूनही, आणि प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. जनुक असूनही घरातल्या एकाला त्रास जास्त, एकाला कमी, असंही होतं. अण्णा आणि आत्यात फरक पडला तो त्यानंतर, दर महिन्याला.

या आजाराचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते एरिक फॉन विलेब्रँड हे फिनलंडचे वैद्य. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या समुद्रात ऑलंड बेटं आहेत, हजारो लहानमोठी, स्वीडिश बोलणारी. त्यातल्या फोग्ल्योहून पाच वर्षांच्या एका मुलीला १९२४ साली हेलसिंकीला त्यांच्याकडे आणलं होतं. तिचं नाव यॉर्डिस. तिसऱ्या वर्षी ओठ कापला तेव्हा ती मरता मरता वाचली होती. तिच्या बहिणी लहानपणीच रक्त जाऊन गेल्या होत्या. फॉन विलेब्रँड मुलीला तपासून थांबले नाहीत. त्यांनी घराण्याची माहिती जमवली. ६६ माणसांची नोंद केली, त्यातली २३ रक्त न थांबणारी निघाली. आणि त्यांच्या लक्षात आलं, की यात बायका आहेत, पुरुषांहून जास्तच आहेत. त्या काळी रक्त न थांबणं हे पुरुषांचं दुखणं मानलं जाई. बाईनं ते पुढे न्यायचं, भोगायचं मुलानं, असा तो हिशेब. १९२६ साली त्यांनी स्वीडिशमध्ये निबंध लिहिला आणि सांगितलं, की हा हिमोफिलिया नाही, वेगळं काही आहे. प्लेटलेट्स पुरेशा आहेत, रक्त नळीत वेळेवर गोठतं, तरी जखम वाहत राहते.

यॉर्डिस त्यानंतर फार जगली नाही. वयात आली आणि चौथ्या पाळीत रक्त जाऊन मेली.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझी मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. तिला पाळी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे यॉर्डिसच्या घराण्यातल्या माणसांच्या जनुकात अठराव्या खंडातलं एकच अक्षर गळलेलं सापडलं. एवढ्या लांबलचक मजकुरातलं एक अक्षर.

ऑलंडच्या त्या माणसांना पहिला दिलासा मिळाला तो १९५०च्या दशकात, स्वीडनमधून. इंगा मारी निल्सन आणि मार्गारेटा ब्लोमबॅक या दोघींनी सहकाऱ्यांबरोबर रक्तद्रवातला असा एक भाग वेगळा काढला, की तो टोचल्यावर या रुग्णांचं रक्त थांबत होतं. म्हणजे रक्तात काहीतरी आहेच, आणि तेच यांच्यात कमी आहे, हे सिद्ध झालं. नंतरच्या चाचणीची कहाणी आणखी विलक्षण. रिस्टोसेटिन नावाचं एक प्रतिजैविक प्लेटलेट्सच्या गुठळ्या करतं म्हणून वापरातून काढून टाकलं होतं. १९७१ साली ऑस्ट्रेलियात हॉवर्ड आणि फिर्किन यांना दिसलं, की फॉन विलेब्रँडच्या रुग्णांच्या रक्तात त्या गुठळ्या होत नाहीत. टाकून दिलेलं औषध निदानाचं साधन झालं. मधल्या काळात, १९६४ साली, वाइबेल आणि पलाडे यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तरात काही लांबट कण पाहून ठेवले होते. हे प्रथिन तिथेच साठवलेलं असतं हे पुढे कळलं. आज डेस्मोप्रेसिन देतात ते तो साठा रक्तात मोकळा करण्यासाठी. ज्यांच्याकडे साठाच नाही त्यांना बाहेरून फॅक्टर द्यावा लागतो.

पण माझ्या घरातल्या औषधांच्या डब्यात जी गोळी कायम असते ती ट्रॅनेक्सामिक अॅसिडची. झालेली गुठळी शरीर आपणहून विरघळवतं, त्या विरघळण्याला ही गोळी आवर घालते. पाळीत हिच्यामुळे कितीतरी फरक पडतो. हे औषध जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलं आणि १९६२ साली प्रसिद्ध केलं. युद्धानंतरची टंचाई, प्रयोगशाळेत साधनं नाहीत. रक्तावर काम करायचं ठरवलं, कारण कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल. लेकीला सांभाळायला कुणी नसे तेव्हा उताको तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. त्यासाठी या औषधाची मोठी चाचणी व्हायला मात्र कितीतरी दशकं गेली. तिचे निष्कर्ष २०१७ साली आले, औषध वेळेत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात असे. उताको त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या ९८व्या वर्षी वारल्या होत्या. आत्याचं बाळंतपण झालं तेव्हा हे औषध जगात होतं. ते वाईतल्या त्या खोलीपर्यंत पोचलं नव्हतं, आणि ज्या कारणासाठी ते पोचायला हवं होतं ते कारणच कुणाला माहीत नव्हतं.

आजही किती जणांना आहे? इटलीच्या उत्तर भागात शाळकरी मुलांची सरसकट तपासणी झाली होती, त्याचे आकडे १९८७ साली आले. शंभरात जवळपास एका मुलात हा दोष सापडला. त्यातल्या पुष्कळांना फारसा त्रास होत नाही, हेही खरं. आपल्याकडे प्रयोगशाळांपर्यंत पोचतात त्यांत तिसऱ्या प्रकाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं असतात. यात फॅक्टर जवळजवळ नसतोच, आणि आई-वडील दोघांकडूनही दोष आलेला असतो. हा प्रकार मुळात सर्वांत विरळ. तोच एवढा दिसतो, याचा अर्थ सौम्य आणि मध्यम आजाराच्या बायका आपल्या मोजणीतच नाहीत. त्या घरी आहेत, लोहाच्या गोळ्या घेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. त्या सगळ्यांना हा आजार आहे असं कोण म्हणेल? त्यांना पोटभर अन्न मिळत नाही, लोह मिळत नाही, हे मुख्य. पण मुलीचं हिमोग्लोबिन आठ आलं की आपण तिच्या ताटात काय कमी पडतं ते विचारतो. तिच्या अंगातून किती जातं ते विचारत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. तिथली कारणं मुकादमाच्या उचलीशी आणि बुडणाऱ्या मजुरीशी जोडलेली आहेत, आत्याच्या दुखण्याशी नाहीत. तरी ती बातमी वाचताना आत्या बराच वेळ पेपर खाली ठेवत नव्हती. बाईला रक्त जातं म्हणून पिशवीच काढून टाकायची, ही घाई तिनं ओळखली असावी.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यात हिमोफिलियाचा समावेश झाला. ती फार मोठी गोष्ट होती, त्यामागे त्या रुग्णांनी वर्षानुवर्षं केलेली धडपड आहे. पण त्या कायद्याच्या परिशिष्टात केलेलं वर्णन वाचलं आणि मला आत्या आठवली. सहसा फक्त पुरुषांना होणारा आणि बायकांकडून मुलग्यांकडे जाणारा आनुवंशिक आजार, असं ते वर्णन आहे. आमच्या घराण्यात नेमकं उलटं घडलं. पुरुषानं तो पुढे दिला, त्याला कळलंही नाही, आणि मुलीनं भोगला. आमच्या आजाराचं त्या यादीत नाव नाही. त्या वर्णनात आम्ही कुठेच बसत नाही.

रक्तगटाबद्दल इथेच सांगायला हवं, कारण डॉक्टरबाईंनी आमच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे तोही लिहून घेतला होता. ओ रक्तगटाच्या माणसांत या प्रथिनाची पातळी इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्यानं कमी असते. अण्णा ओ, आत्या ओ, मीही ओ. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ बॉम्बे रक्तगट शोधला, त्या गटाच्या माणसांत ती ओ गटापेक्षाही कमी असते. प्रथिनाच्या अंगावर ज्या शर्करा असतात त्या रक्तगटाप्रमाणे बदलतात, आणि त्या कमी असल्या की ते रक्तात लवकर तुटतं. म्हणजे एका माणसाच्या रक्तात किती उणीव दिसेल हे एका जनुकावर ठरत नाही. गट, वय, ताप, श्रम, मनाचा ताण, गर्भारपण, या सगळ्यांनी आकडा वरखाली होतो. गर्भारपणात तो चढतो, म्हणून बाळंतपण सुखरूप होतं. नंतर तो उतरतो, आणि घरात बारशाचे पेढे असतात तेव्हा बाळंतीण रक्तात पडलेली असते. आत्याच्या दुसऱ्या बाळंतपणाचं कोडं मला इतक्या वर्षांनी असं उलगडलं.

माझ्या मुलीची पातळी ३२ निघाली. तिच्या दप्तरात आता एक कार्ड असतं, त्यावर आजाराचं नाव आणि डॉक्टरांचा फोन. ताप आला, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन आणि ब्रुफेन आमच्या घरात येत नाहीत. पाळीचे पहिले तीन दिवस ती ट्रॅनेक्सामिकच्या गोळ्या घेते. बास्केटबॉल खेळते. खेळावं की नाही यावर आमच्यात वाद झाला होता, आणि डॉक्टरबाई तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. तिची पाळी आठ दिवसांवरून पाचावर आली. मी हे आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "पाचच? मग पाचव्या दिवशी न्हायली का ती?" आणि मग आम्ही दोघी काही वेळ बोललो नाही.

आत्याला मी पुण्याला नेलं ते त्यानंतर. ती आता पंच्याहत्तरीची आहे. रक्त दिलं तेव्हा तिनं नळीकडे टक लावून पाहिलं. निळ्या बुचाची, खुणेपर्यंत काटेकोर भरावी लागणारी नळी. मला तिच्यासाठी एक कागद हवा होता. आयुष्यभर जी बाई नाजूक म्हणून ओळखली गेली, तिच्या हातात निदान आकडा असावा असं मला फार वाटत होतं. अहवाल आला, ६१ टक्के. अगदी व्यवस्थित.

वयाबरोबर ही पातळी चढत जाते. अनेकांच्या बाबतीत साठी-सत्तरीत ती बरोबरीला येते, डॉक्टरबाईंनी समजावलं. तरुणपणी काय असेल ते आता मोजता येणार नाही. जनुकांची तपासणी करता येते, पण पहिल्या प्रकारात दर वेळी काही सापडतंच असं नाही. "तुमची हकीकत आणि तुमच्या भाचीचं रक्त, या दोन्हींवरून मी सांगते, की तुम्हाला हा आजार होता," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. आत्याला नाही आलं. तिनं विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" डॉक्टरबाई उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नाही हो आजी. अजिबात नाही."

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट लागेपर्यंत ती गप्प होती. घरी पोचल्यावर तिनं वही मागवली. तिला लिहायला दिसत नाही म्हणून मी लिहायला बसले. थोरल्या काकांची नात, कराडला असते, दहावीत आहे, दर महिन्याला शाळा बुडते. मधल्यांची मुलगी, बाळंतपणात दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. दिवंगत चुलत बहिणीची लेक, तिला डॉक्टर पिशवी काढायला सांगतायत, तिला आजच फोन कर, आधी रक्त तपासू दे म्हणावं. आत्या एकेक घर घेत होती, कुणाकडे काय ऐकलं होतं ते आठवत होती, मी लिहीत होते. पान भरत आलं तेव्हा ती म्हणाली, "आणि मुलग्यांची पण लिही."

"त्यांना काय होतंय, आत्या?"

"धाकट्या चुलत्यांच्या पोराचा घोळणा फुटतो. लहानपणापासून. त्याला दोन मुली आहेत."

त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. तिच्याकडे होता. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच लावला.